सेरेंडिपिटी म्हणे आपलीच!

खडूस_काका: सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच फॉरवर्ड: 'सेरेंडिपिटी हा मूळ संस्कृत शब्द, इंग्रजांनी चोरला.' म्हणजे शोधायचं एक आणि अवचित हाती लागायचं भलतंच, पण ते ओळखायची अक्कलही हवी, त्याला इंग्रजीत सेरेंडिपिटी म्हणतात. अहो, चोरायला तो संस्कृतात होता कुठे? होतं ते सिंहलद्वीप, म्हणजे श्रीलंका. अरबांच्या तोंडी त्याचं सरनदीब झालं. तिथल्या तीन राजपुत्रांची फारसी वळणाची गोष्ट १५५७ साली व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेली. ती आठवून होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात बसल्या जागी शब्द पाडला. बेटाचं नाव संस्कृत, म्हणून अर्थही संस्कृत? मग पैठणी नेसणारी प्रत्येक बाई पैठणची!

कोकणकन्या: द्वीप आहे ना त्यात? आपलं काही निघालं की तुमच्या पोटात का दुखतं?

खडूस_काका: आहे की. पण आई म्हणून नाही, खापरपणजी म्हणून. मधले अरब काय नुसते हमाल होते?

बिनपगारी_मास्तर: भांडा खुशाल. मी भाषांतरं करतो, माझं दुखणं वेगळं. मराठीत याला शब्द काय? मी काहीही लिहिलं तरी संपादक 'योगायोग' करून ठेवतात.

रानमांजर: घबाड!

बिनपगारी_मास्तर: घबाडाला अक्कल लागत नाही. वॉलपोलने अपघात आणि चाणाक्षपणा दोन्ही मागितलेत. वाटेच्या डाव्या अंगाचं गवत वाईट, तरी तेवढंच खाल्लेलं, यावरून राजपुत्र ताडतो की जनावर उजव्या डोळ्याने आंधळं. (गोष्टीत उंट होता, वॉलपोलने खेचर केलं.)

कोकणकन्या: काकतालीय न्याय घ्या. संस्कृतच आहे!

बिनपगारी_मास्तर: कावळा बसायला आणि फांदी तुटायला. यात कावळ्याची हुशारी कुठली?

कोकणकन्या: मग घुणाक्षर.

खडूस_काका: लाकूड पोखरताना अक्षर उमटलं, पण किड्याला वाचता येतं का?

रानमांजर: माझी आजी रेशनकार्ड शोधत होती. ट्रंकेच्या तळाशी जुना सातबारा निघाला. क्षेत्राचा आकडा बघून म्हणाली, 'बांध सरकलाय.' मोजणी आणली, खरंच सरकलेला! चुलत आजोबा मरेपर्यंत बोलले नाहीत. तिला विचारलं तर म्हणायची, 'देवाने दिलं.'

बिनपगारी_मास्तर: हे नेमकं! फक्त देवाने सातबारा दिला, आकडा तिने वाचला.

खडूस_काका: मग शब्द पाडा की. सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

बिनपगारी_मास्तर: 'अवचितवेध'?

रानमांजर: आजी म्हणाली असती, हे कुठलं औषध?

कोकणकन्या: बरं बाबा, खापरपणजी तर खापरपणजी. 'चोरला' काढून 'वाटेत बिघडवला' असं करते. हो, फॉरवर्ड मीच लिहिला होता.

खडूस_काका: बिघडवला?? थांबा, जेवून येतो.