मदत हवी आहे : ठाणे ते कुडाळ प्रवासात मुलांना कसे रमवावे?

गणपतीसाठी आम्ही दरवर्षी ठाण्याहून कुडाळला गाडीने जातो. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर असले, तरी चतुर्थीच्या आधी महामार्गावर होणारी गर्दी लक्षात घेता दहा-बारा तास सहज लागतात. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा साडेचार वर्षांचा.

गेल्या वर्षी कशेडी घाटाच्या अलीकडे मुलाच्या हाती मोबाइल दिला आणि पाचव्या मिनिटाला त्याला उलटी झाली. डोळे पडद्यावर स्थिर आणि कानातील तोलाची जाणीव मात्र वळणे टिपत असते, त्यामुळे मळमळते, हे नंतर समजले. म्हणून या वेळी मोबाइल आणि चित्रांची पुस्तके दोन्ही नकोत, असे ठरवले आहे.

मुलीसाठी एक खेळ सापडला आहे : पुढच्या गाडीची पाटी वाचून जिल्हा ओळखायचा. एमएच ०६ म्हणजे रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. ०७ दिसू लागल्या की घर जवळ आले म्हणून ती हरखते. गाण्यांच्या भेंड्याही तिला आवडतात. परंतु धाकट्याला अजून अक्षरओळख नाही, त्यामुळे तो रुसतो आणि सीटबेल्ट काढू पाहतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

दोघांना एकत्र खेळता येतील असे, केवळ बोलून किंवा खिडकीबाहेर पाहून खेळायचे खेळ आपण सुचवाल का? तसेच लहान मुलांसह किती वेळाने थांबणे आपल्याला सोयीचे ठरले, तेही कृपया कळवावे.