उर्मिला मातोंडकर: ‘रंगीला’च्या आधीची पंधरा वर्षे

प्रश्न

उर्मिला मातोंडकर यांच्याविषयीचे बहुतेक लेखन १९९५ च्या ‘रंगीला’पासून सुरू होते आणि त्याआधीचे सारे काम ‘बालकलाकार म्हणून काही भूमिका केल्या’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. परंतु त्यांचा पहिला चित्रपट १९८० चा आहे, म्हणजे ‘रंगीला’ येईपर्यंत त्या पंधरा वर्षे कॅमेऱ्यासमोर वावरत होत्या. या काळात त्यांनी नेमके काय केले, आणि बालपणीच्या त्या कामाचा पुढे नायिका म्हणून काही उपयोग झाला की उलट ती ओळख पुसूनच त्यांना पुढे जावे लागले, हे मला जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

आपण हा प्रश्न विचारला याचा मनापासून आनंद झाला, कारण ही पंधरा वर्षे गाळली की पुढचे काम समजतच नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मराठीत झाली. डॉ. श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘झाकोळ’मध्ये (१९८०) उर्मिला दिसल्या तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ आला आणि १९८३ मध्ये शेखर कपूर यांचा ‘मासूम’, ज्यात नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमी यांच्या थोरल्या मुलीची, पिंकीची, भूमिका त्यांच्या वाट्याला आली. त्यातले ‘लकडी की काठी’ हे गाणे आज चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला पाठ असते, पण त्यात नाचणारी ती मुलगी पुढे कोण झाली हे अनेकांना सांगावे लागते. मला यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. ‘बेबी उर्मिला’ अशी त्यांची ओळख रूढ झाली नाही. पूर्वीच्या काळी बेबी नंदा, बेबी तबस्सुम ही नावे स्वतंत्रपणे जाहिरातीत झळकत आणि मोठेपणी ते ‘बेबी’ गळून पडायला बराच काळ जाई. उर्मिला मात्र नेहमी कथेतल्या कुटुंबाचा एक भाग होत्या, त्यामुळे प्रेक्षकांनी त्यांना ‘गोड मुलगी’ या एकाच चौकटीत बसवले नाही.

मधली वर्षेही रिकामी नव्हती. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ ही मुलांसाठीची विज्ञानकथा मालिका आली, तिच्यात त्या होत्या आणि करण जोहरही होते. त्याच वर्षी ‘चाणक्यन’ या मल्याळम चित्रपटात पंधराव्या वर्षी त्यांनी कमल हासन यांच्याबरोबर काम केले. म्हणजे ज्या वयात बहुतेक बालकलाकारांचे काम थांबते, कारण ते मुलाच्या भूमिकेला मोठे आणि नायिकेच्या भूमिकेला लहान ठरतात, त्याच वयात त्यांना लहानमोठी कामे मिळत राहिली.

यानंतर १९९१ चा ‘नरसिंहा’ आणि १९९२ चा ‘चमत्कार’. दुसऱ्या चित्रपटातला एक योगायोग मला फार हृद्य वाटतो. ‘मासूम’मध्ये त्यांचे वडील झालेले नसीरुद्दीन शाह इथेही त्यांचे वडीलच आहेत, फक्त या वेळी ते भूत आहेत आणि समोर उभी असलेली तरुणी आपली मुलगी आहे हे त्यांना उशिरा कळते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा; नऊ वर्षांत ती मुलगी किती मोठी झाली हे तिथे डोळ्यांसमोर दिसते.

दुसरा प्रतिसाद

वरील माहितीशी मी सहमत आहे, परंतु निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. ‘नरसिंहा’ आणि ‘चमत्कार’नंतरही त्यांना स्वतःची जागा मिळाली नव्हती, ती ‘रंगीला’नेच मिळवून दिली. ‘रंगीला’चे दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांच्याबरोबर त्यांनी त्याआधी तेलुगूत ‘गायम’ (१९९३) केला होता. ‘रंगीला’त अहमद खान यांचे नृत्यदिग्दर्शन, मनीष मल्होत्रा यांची वेशभूषा, ए. आर. रहमान यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज हे सगळे एकत्र आले, आणि प्रेक्षकांनी त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिले. एवढे मोठे पाठबळ नसते तर केवळ बालपणीच्या अनुभवावर हे घडले असते, असे मला वाटत नाही.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून

आपला मुद्दा रास्त आहे. प्रसिद्धी ‘रंगीला’ने दिली, हे मी नाकारत नाही. परंतु त्यातली मिली ही नायिकेच्या मागे नाचणाऱ्या मुलींपैकी एक असते आणि एके दिवशी स्वतः नायिका होते, हे विसरू नये. सेटच्या वातावरणात लहानाची मोठी झालेली अभिनेत्री ही भूमिका करते, तेव्हा तिला ते जग वेगळे शिकावे लागत नाही.

खरा पुरावा मात्र पुढच्या चित्रपटांत आहे. ‘कौन’मध्ये (१९९९) प्रमुख पात्रे तीनच, गाणे एकही नाही, आणि सुरुवातीला पावसाळी दिवशी मोठ्या घरात त्या एकट्याच आहेत. दूरचित्रवाणीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी लागते आणि दाराची घंटी वाजते. दार उघडावे की नाही, या एका शंकेवर त्यांनी किती वेळ प्रेक्षकाला धरून ठेवले आहे! ‘पिंजर’मध्ये (२००३) अपहरणकर्त्याच्या घरातून पळून आलेली पुरो (उर्मिला) रात्री आईवडिलांच्या दारात उभी राहते आणि तेच तिला परत जायला सांगतात. तिथे उर्मिला यांचे ऐकणे पाहा. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत चेहऱ्याने ऐकत राहणे त्यांनी नसीरुद्दीन आणि शबाना यांच्यासमोर नवव्या वर्षी केले होते, अशी माझी खात्री आहे. त्याच वर्षीच्या ‘भूत’साठी त्यांना फिल्मफेअरचा समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार मिळाला.

तिसरा प्रतिसाद

छोट्या पडद्याचा उल्लेख ‘इंद्रधनुष’वर थांबला, म्हणून थोडी भर घालते. २००७ मध्ये ‘झलक दिखला जा’च्या दुसऱ्या पर्वात आणि २०२२ मध्ये ‘डीआयडी (डान्स इंडिया डान्स) सुपर मॉम्स’मध्ये, म्हणजे दोन्ही नृत्यस्पर्धांत, त्या परीक्षक होत्या. दुसऱ्या कार्यक्रमात स्पर्धक साऱ्या आई झालेल्या स्त्रिया होत्या, हे मला विशेष आवडले होते.

मराठीचे म्हणाल तर ‘झाकोळ’नंतर ३४ वर्षांनी, २०१४ मध्ये, सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’त त्या मध्यवर्ती भूमिकेत दिसल्या. गळ्यात पट्टा बांधून जंगलात सोडलेला एक बिबट्या चालत चालत मुंबईपर्यंत येतो, आणि त्याच्या मागावर असलेली संशोधक त्यांनी साकारली आहे. तिथे नाच नाही, रेशमी कपडे नाहीत. बहुतेक वेळ त्या केवळ वाट पाहत असतात. प्रश्नकर्त्यांनी ‘झाकोळ’ आणि ‘आजोबा’ हे दोन्ही मिळवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.