उत्तर: कंपाइल केल्यावर नियम वेगळा वागतो

प्रश्न असा: स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या एक्स्प्रेशन भाषेत (छोटे नियम लिहायची भाषा) एरवी नीट चालणारा नियम कंपाइल केल्यावर, म्हणजे आधीच बाइटकोडमध्ये बदलल्यावर, मध्येच का फुटतो. पणजीत आम्ही हॉटेलांच्या दरांचे नियम याच भाषेत लिहितो, म्हणून सांगतो. कंपाइलर आधीच्या इंटरप्रिटेड फेऱ्यांत (नियम दर वेळी वाचत वाचत चालवला जातो तेव्हा) दिसलेला टाइप, म्हणजे वस्तूचा क्लास, गृहीत धरतो. आधी 'हॉटेल' आलं, मग तसाच 'दर' असलेला पण नातं नसलेला 'होमस्टे' क्लास आला, की कास्ट (वस्तूला ठरलेल्या टाइपची मानणं) फसतो. इंटरप्रिटर मात्र निमूट चालतो. कंपाइलरचा 'मिक्स्ड' मोड अशा वेळी गुपचूप इंटरप्रिटरवर परततो. नियमात साइड इफेक्ट (चालताना बाहेरचं काही बदलणं) असेल तर काही भाग दोनदा चालेल, हे फार धोक्याचं! तिथे 'इमिजिएट' मोडच बरा, तो परतत नाही, चूक निदान समोर येते. दोन्ही क्लासना समाईक इंटरफेस (दोघांना लागू असलेला एकच टाइप) द्या आणि टेस्ट इंटरप्रिटेड व कंपाइल्ड अशा दोन्ही प्रकारे चालवा.