रेड ५ चे रेड ६ करताना वीज गेली. अ‍ॅरे जुळत नाही, माहिती परत कशी मिळवावी?

छापखाना

आमच्या छपाई कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ अ‍ॅरे आहे. यात चार डिस्क मिळून एकच साठा होतो आणि त्यांतली एक बिघडली तरी माहिती टिकते. तो एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने बनवलेला असून त्यावर थेट ईएक्सटी४ फाइल प्रणाली आहे. मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारा थर) किंवा पार्टिशन नाही. गेल्या आठवड्यात देखभालीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाने पाचवी डिस्क जोडून या अ‍ॅरेचे रेड ६ मध्ये (ज्यात दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकते) रूपांतर सुरू केले आणि रूपांतरासाठी लागणारी बॅकअप फाइल टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेवली. काम ४१ टक्क्यांवर असताना वीज गेली आणि यूपीएसनेही थोड्याच वेळात दम सोडला. यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा टीएमपी फोल्डर रिकामे झालेले होते.

आता अ‍ॅरे जुळवायला गेले की रीशेपचा (या रूपांतराचा) ‘क्रिटिकल सेक्शन’, म्हणजे त्या क्षणी हलवला जात असलेला भाग, पूर्ववत करता आला नाही, असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. एमडीएडीएमच्या ‘एक्झामिन’ आज्ञेने पाहिले असता पाचही डिस्कवरील सुपरब्लॉक (रचनेची नोंद ठेवणारे भाग) शाबूत दिसतात, त्यांची इव्हेंट संख्या (बदलांची मोजणी) एकच आहे आणि रीशेप कुठवर आला ती जागाही पाचही ठिकाणी सारखीच नोंदलेली आहे. डेटा ऑफसेट, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीपासून माहिती जिथे सुरू होते तिथवरचे अंतर, २०४८ सेक्टर आहे. तंत्रज्ञाचे म्हणणे असे की ‘क्रिएट’ आज्ञेने जुन्याच मापांचा अ‍ॅरे पुन्हा बनवला की सर्व काही पूर्वीसारखे दिसू लागेल. मी त्यांना तूर्त थांबवले आहे. त्यांचा उपाय योग्य आहे का, आणि नसल्यास दुसरा कोणता मार्ग आहे?

रात्रपाळी

थांबवलेत हे फार चांगले केलेत. ‘क्रिएट’ ही दुरुस्तीची आज्ञा नव्हे. ती आहे ते सुपरब्लॉक पुसून त्यांच्या जागी नवे लिहिते, आणि रूपांतर नेमके कुठे थांबले याची नोंद आज फक्त त्या सुपरब्लॉकमध्येच आहे. त्यातही ‘अझ्यूम-क्लीन’ (डिस्क आधीच जुळलेल्या आहेत असे धरा) हा पर्याय द्यायचा राहिला, तर चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एमडीएडीएम शेवटची डिस्क नवी समजून बाकीच्या तिघींवरून तिची पुनर्बांधणी सुरू करते, म्हणजे एक डिस्क शब्दशः वरून खाली पुन्हा लिहिली जाते. शिवाय तुमचा ऑफसेट २०४८ सेक्टर, म्हणजे १ एमबी आहे, तर एमडीएडीएमच्या नंतरच्या आवृत्त्या बऱ्याचदा २,६२,१४४ सेक्टर, म्हणजे १२८ एमबी धरतात. ऑफसेट स्वतः नमूद केला नाही तर सगळी माहिती सरकलेली दिसेल.

याहून मूलभूत अडचण अशी की अ‍ॅरेचा सुरुवातीचा ४१ टक्के भाग आता पाच डिस्कच्या नव्या मांडणीत आहे आणि उरलेला जुन्या मांडणीत. दोन्ही भाग एकाच वेळी बरोबर दाखवील अशी मापे ‘क्रिएट’ला देताच येत नाहीत.

‘रेड म्हणजे बॅकअप नव्हे’ हे वाक्य कुणीतरी ऐकवीलच, म्हणून ते मीच उरकून टाकतो. आत्ता त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. आधी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि अ‍ॅरेमधील तिचे स्थान कागदावर लिहून ठेवा, कारण एसडीए, एसडीबी ही नावे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. मग ‘एक्झामिन’चा संपूर्ण निकाल दुसऱ्या यंत्रावर जतन करा आणि ‘स्मार्ट’ या डिस्कच्या प्रकृती-अहवालात एखाद्या डिस्कवर प्रलंबित (वाचताना अडलेले) सेक्टर आहेत का ते पाहा. असल्यास त्या डिस्कची डीडीरेस्क्यू या नक्कल साधनाने, कोणता भाग वाचला याची मॅप फाइल ठेवून, दुसऱ्या डिस्कवर नक्कल करा आणि पुढचे सर्व काम त्या नकलेवरच करा.

जुना_तारवाला

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. पुढची पायरी थोड्या विस्ताराने सांगतो.

बॅकअप फाइल नेमकी कशासाठी असते हे समजले की भीती बरीच कमी होईल. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये तीन डिस्कइतकी माहिती मावते आणि पाच डिस्कच्या रेड ६ मध्येही तितकीच, त्यामुळे तुमच्या रूपांतरात माहितीला पसरायला नवी जागा मिळत नाही आणि प्रत्येक तुकडा जिथल्या तिथेच नव्याने लिहावा लागतो. तो लिहिला जात असताना वीज गेली तर जुनी प्रतही नाही आणि नवीही नाही अशी अवस्था होऊ नये, म्हणून तो तुकडा तेवढ्यापुरता बॅकअप फाइलमध्ये ठेवला जातो. अर्थात ती फाइल म्हणजे अ‍ॅरेची प्रत नव्हे. ती गेल्याने धोक्यात आला तो फक्त वीज गेली त्या क्षणी हलवला जात असलेला भाग, आणि १२ टीबीच्या तुलनेत तो अगदी क्षुल्लक असतो.

अशाच प्रसंगासाठी जुळवणीच्या ‘असेम्बल’ आज्ञेला ‘इनव्हॅलिड-बॅकअप’ (बॅकअप निरुपयोगी असला तरी पुढे जा) हा पर्याय दिलेला आहे. त्याच्यासोबत ‘बॅकअप-फाइल’ म्हणून एखाद्या नव्या फाइलचा पत्ता द्यावा लागतो. ही फाइल अ‍ॅरेबाहेरच्या, यंत्र बंद झाले तरी टिकणाऱ्या डिस्कवर असावी. मात्र हा प्रयोग थेट मूळ डिस्कवर करू नका. पाचही डिस्क ‘ब्लॉकडेव्ह’ आज्ञेने केवळ वाचनासाठी करा, प्रत्येकीसाठी एक स्पार्स फाइल (लिहिले जाईल तेवढीच जागा घेणारी) लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे डिस्कसारखी, जोडा आणि डिव्हाइस मॅपर या लिनक्सच्या आभासी डिस्क बनवणाऱ्या भागाच्या स्नॅपशॉट सोयीने तिचा ओव्हरले (मूळ डिस्कवरचा आभासी थर) तयार करा. मग लिहिले जाईल ते सर्व ओव्हरलेच्या फाइलमध्ये जाईल आणि चुकले तर ओव्हरले टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल.

इथे एक खाचखळगा आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. अ‍ॅरे जुळताच रीशेप आपोआप पुढे चालू झाला तर उरलेल्या ५९ टक्क्यांचे लेखन ओव्हरलेमध्ये जाऊ लागेल, आणि ओव्हरले भरला की स्नॅपशॉट अवैध होतो. म्हणून जुळवतानाच ‘रीडओन्ली’ पर्याय द्या आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमधील टक्का पुढे सरकत नाही याची खात्री करून घ्या. त्यानंतर फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी आणि ‘नोलोड’ पर्यायासह माउंट करा, म्हणजे जर्नलचे (फाइल प्रणालीच्या अपूर्ण बदलांच्या नोंदीचे) पुनर्लेखनही होणार नाही. फाइल प्रणाली तपासणारे एफएससीके चालवायचेच असेल तर ‘एन’ पर्यायाने, निव्वळ तपासणीपुरते चालवा.

सुपरब्लॉक गेले असते तर दोन्ही मांडण्यांचे वेगवेगळे अ‍ॅरे ओव्हरलेवर उभे करून, एकीतली माहिती कुठे निरर्थक होते ती सीमा शोधून, दोन्ही भाग डिव्हाइस मॅपरने सांधावे लागले असते. तेही शक्य असते, पण तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

छापखाना

दोघांचेही आभार. एका डिस्कवर प्रलंबित सेक्टर दिसल्याने तिची आधी नक्कल केली. डीडीरेस्क्यूने ती पूर्ण वाचली. त्यानंतर ओव्हरलेवर ‘इनव्हॅलिड-बॅकअप’ने अ‍ॅरे जुळला, रीशेप जागच्या जागी थांबून राहिला आणि फाइल प्रणाली माउंट झाली. फोल्डर सगळे दिसत आहेत, आणि उघडून पाहिलेल्या पानांच्या व छायाचित्रांच्या फाइली ठीक आहेत. आता प्रश्न उरतो तो धोक्यातल्या त्या भागाचा: त्यात नेमक्या कोणत्या फाइली येतात हे कसे ओळखावे? आणि सर्व ठीक दिसल्यास मूळ डिस्कवर हे रूपांतर पूर्ण करावे का?

जुना_तारवाला

फाइली ओळखता येतात. सुपरब्लॉकमधील रीशेपची जागा किलोबाइटमध्ये दाखवली जाते. तुमची फाइल प्रणाली थेट अ‍ॅरेवर असल्यामुळे, ब्लॉक ४ केबीचा असेल तर त्या आकड्याला ४ ने भागले की ब्लॉक क्रमांक मिळतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे ब्लॉक थोडे सैल हाताने धरून डीबगएफएस या फाइल प्रणाली तपासण्याच्या साधनाच्या ‘आयचेक’ला द्या, म्हणजे आयनोड (फाइलीची अंतर्गत नोंद) क्रमांक मिळतील, आणि ते ‘एनचेक’ला दिले की फाइलींची नावे मिळतील. तेवढ्या फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. एखादी बिघडलेली निघाली तर ती ग्राहकाकडून किंवा जुन्या ईमेलमधून पुन्हा मागवणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आता वाचता येत आहे तोवर सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, प्रती तपासा, आणि त्यानंतरच प्रलंबित सेक्टरवाली डिस्क बाजूला काढून उरलेल्या डिस्क व एक नवी डिस्क घेऊन रेड ६ कोऱ्या स्थितीतून बनवा. अर्धवट रूपांतर पुढे रेटून वाचणारा वेळ फारसा नाही, आणि एमडीएडीएमची नवी आवृत्ती वापरून नव्याने बनवलेल्या अ‍ॅरेत ऑफसेटला पुरेशी मोकळी जागा राहत असल्यामुळे पुढे कधी मांडणी बदलायची झाली तर बहुधा बॅकअप फाइलची गरजही पडणार नाही.

रात्रपाळी

एक भर घालतो: नव्या अ‍ॅरेसाठी डिस्क विकत घेण्यापूर्वी ती एसएमआर प्रकारची, म्हणजे एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणारी, नाही ना, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. रीशेप आणि पुनर्बांधणीच्या सततच्या लेखनात अशा डिस्क फार संथ होतात, आणि कधी कधी प्रतिसादाला इतका उशीर करतात की अ‍ॅरेतून बाहेर काढल्या जातात.