जुनी आरएक्स १०० रस्त्यावर आणायची, तर आधी रंग की आधी ब्रेक? (वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

ओसरीवरचा

वडिलांची १९८९ सालची यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल अकरा वर्षे आमच्या वाईच्या घराच्या ओसरीवर गोणपाटाखाली उभी होती. ती पुन्हा चालती करायचे ठरल्यावर ज्यांना ज्यांना सल्ला विचारला, त्यांतील बहुतेकांनी पहिला प्रश्न रंगाचा केला : काळाच ठेवणार की लाल करणार? ब्रेकविषयी एकानेही विचारले नाही. म्हणून चर्चेसाठी माझे मत स्पष्टच मांडतो. गाडी रस्त्यावर धावण्यायोग्य करणे आणि ती शोरूममधून आल्यासारखी दिसेल अशी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले पुरे होईपर्यंत दुसऱ्यावर एक रुपयाही घालू नये, आणि पहिल्या कामात प्रत्येक सुटा भाग मूळ कंपनीचाच हवा हा हट्टही धरू नये.

हे मत अनुभवाने झाले. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ केले, नवा प्लग लावला आणि चौथ्या किकला गाडी चालू झाली. घरचे सगळे ओसरीवर जमले, आणि मलाही तशीच कृष्णेच्या पुलापर्यंत एक फेरी मारून येण्याचा मोह झाला. सुदैवाने त्याआधी पुढचे चाक काढले. ड्रममधल्या एका ब्रेक शूचे लायनिंग नखाने उचकटताच पापुद्र्यासारखे सुटून हातात आले. टायरच्या कडेवर ११०९ हे आकडे होते, म्हणजे टायर २००९ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखे कडक. चालू झालेले इंजिन हीच या कामातली सर्वांत मोठी फसवणूक असते, असे माझे मत आहे.

इंजिनाचेही तेच. उभ्या गाडीत क्रँकची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, ऑइल सील (रबरी कडी) वाळतात. मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील गेले की तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि भर वेगात जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअरचे ऑइल आत जळून मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दोन्ही सील बदलायला लागलेला खर्च एका चांगल्या रंगकामाच्या मानाने किरकोळ आहे, तरी रंगाचे भाव सगळ्यांना तोंडपाठ आणि सीलचे कोणालाच नाहीत.

पहिली पावती

आपल्या ब्रेकविषयीच्या काळजीशी वाद नाही; मूळ भागांचा आग्रह सोडावा, या वाक्याशी मात्र पूर्ण मतभेद आहे. हा आग्रह आपल्याला हौशी लोकांचा नखरा वाटतो, पण तो धातूचा प्रश्न आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. एवढ्याशा सिलिंडरमध्ये पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजावी लागते. मी एका दुकानातून हुबेहूब मूळच्यासारख्या डबीत मिळालेला पिस्टन बसवला होता. तो गरम झाल्यावर किती फुगणार याचा त्या धातूलाच भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी चढावर मागचे चाक एकदम अडकले आणि क्लच दाबायला अर्धा क्षण उशीर झाला असता तर आज हे लिहायला मी नसतो. नवा नकली ब्लॉक घेण्यापेक्षा जुना मूळ ब्लॉक पाव पाव मिलिमीटरच्या टप्प्याने बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून, त्या मापाचा खात्रीचा पिस्टन बसवणे केव्हाही शहाणपणाचे.

आणि रंगाला इतके तुच्छ लेखू नका. बॅटरीतले ॲसिड वर्षानुवर्षे गळून तिच्या खालची चौकट आतून खाल्लेली मी पाहिली आहे. फ्रेम उघडी करून, गंज काढून, वेल्डिंगचे जोड तपासून पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंगाचा थर) केल्याशिवाय ती भार घेईल की नाही हे कळणार कसे? आपण ज्याला दुसरे काम म्हणता, त्याचा अर्धा भाग पहिल्यातच येतो.

खंबाटकीचा उतार

एक मुद्दा दोघांकडूनही राहिला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जावे लागते, आणि जवळपास प्रत्येक मिस्त्री ते पुरवणारा ऑइल पंप काढून टाकायला सांगतो : पंप जुना झाला, कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यापेक्षा टाकीतच ऑइल मिसळा. सल्ला वरवर बिनचूक वाटतो. परंतु घाट उतरताना आपण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बंद ठेवून गिअरच्या जोरावर गाडी आवरतो. अशा वेळी इंजिन जोरात फिरत असते आणि आत पेट्रोल जवळजवळ जात नाही. ऑइल जर पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर तेही जात नाही. पंपाचे तसे नाही. तो इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो, त्यामुळे थ्रॉटल बंद असतानाही थोडे ऑइल पोचत राहते. जपानी अभियंत्यांनी ही सोय उगाच केलेली नव्हती. पंपाची केबल थ्रॉटलशी खुणेवर जुळवून घेणे आणि नळीतली हवा काढणे, एवढेच काम असते. ते अर्ध्या तासाचे आहे, पण कंटाळवाणे, म्हणून टाळले जाते.

गल्लीतली खिडकी

आपण सर्व जण गाडी कशी चालवावी यावर बोलत आहात. ती चालवावीच का, हे विचारणारे कोणी दिसत नाही, म्हणून मी विचारते. माझी खिडकी पुण्याच्या एका अरुंद गल्लीत, रस्त्यापासून हातभर उंचीवर उघडते. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते, आणि त्या क्षणी दोन्ही वाटा उघड्या असल्यामुळे त्या मिश्रणातला काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. हा देखभालीतला दोष नव्हे, ती त्या रचनेचीच रीत आहे. गाडी कितीही निगुतीने दुरुस्त केली, तरी न जळलेले पेट्रोल आणि ऑइल माझ्या घरात येणारच. एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, हायड्रोकार्बनची (न जळलेल्या इंधनाची) मर्यादा ९००० पीपीएम (दहा लाखांत ९००० भाग) आहे, त्यानंतरच्या फोर-स्ट्रोकला ४५०० आहे आणि अलीकडच्या गाड्यांना त्याहून पुष्कळ कडक आहे. कागदावर पास झालेली गाडी स्वच्छ असते असे नाही. तिला सवलत दिलेली असते, इतकेच. वडिलांची आठवण म्हणून गाडी ओसरीवर पुसून-पासून ठेवता येते, त्यासाठी ती माझ्या गल्लीत आणण्याची गरज नाही.

सीडीवाला

रस्त्यावर चालवणे हाच हेतू असेल, तर आरएक्सचा हट्ट कशाला? ज्या १९८५ साली आरएक्स १०० आपल्याकडे आली, त्याच साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तीही शंभर सीसीच्या आतलीच, पण फोर-स्ट्रोक. धूर नाही, आणि पेट्रोलचा हिशेबही हलका. आमची अजून बाजारहाटाला जाते. फरक इतकाच की, तिच्यासाठी कोणी लाखाची मागणी करत नाही आणि सिग्नलला कोणी वळून पाहत नाही. मला वाटते, खरी अडचण नेमकी तेथे आहे.

फॉर्म पंचवीस

‘पहिली पावती’ यांचा पावडर कोटिंगचा सल्ला अमलात आणण्यापूर्वी एक सावधगिरी घ्यावी. चौकटीच्या मानेवर कोरलेला चेसिस नंबर सँडब्लास्टिंगने (गंज काढायच्या वाळूच्या माऱ्याने) पुसट होतो किंवा कोटिंगच्या जाड थराखाली बुजतो, आणि मग नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत तो वाचता येत नाही. त्या जागेवर टेप लावून घ्यावी आणि कामाआधी पेन्सिलने नंबराचा ठसा व छायाचित्र काढून ठेवावे. नोंदणी पहिली १५ वर्षे, पुढे दर ५ वर्षांनी. त्यामुळे १९८९च्या गाडीची मुदत २००४ पासून किती वेळा वाढवली गेली ते आरसी पुस्तकात पाहा. नूतनीकरणाला नमुना २५ लागतो. वडील हयात नसतील, तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१, आणि हे काम भागांची खरेदी करण्यापूर्वी करा. शिवाय पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट आलीच. काही जण ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नाव घेतात. २०२१च्या त्या नियमाला ५० वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

ओसरीवरचा

पिस्टनबाबत माझे वाक्य फार ढिले होते, हे मान्य. इंजिनाच्या पोटातले भाग खात्रीचेच हवेत. हट्ट सोडायचा तो लोगो, आरसे, मडगार्डचे क्रोम यांचा. पंप काढण्याचे मिस्त्रीला सांगून झाले होते, ते आज फोन करून थांबवले. वडील चार वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे नमुना ३१ आधी भरतो. बॅटरीखालची चौकट टोकदार हातोडीने ठोकून पाहिली, आवाज भरीव आहे. म्हणून संपूर्ण कोटिंग सध्या करणार नाही, आणि ‘पहिली पावती’ यांना ते पटणार नाही हेही जाणतो. पेट्रोलची नळी आणि फ्लोट बोलचे (कार्ब्युरेटरच्या वाटीचे) गॅस्केट पेट्रोलमधले इथेनॉल सोसेल असे घेतले आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तेव्हा कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवीन.

खिडकीबाईंच्या मुद्द्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. गाडी पुण्यात येणार नाही. वाई ते मेणवली, फार तर पसरणीपर्यंत, महिन्याला शंभरेक किलोमीटर. एवढ्याने धूर नाहीसा होत नाही, हे मला समजते.

गल्लीतली खिडकी

मेणवलीतही खिडक्या असतात. तरीही, नवी सील आणि बोअर झाल्यावर पीयूसी काढाल तेव्हा हायड्रोकार्बनचा नेमका आकडा येथे लिहा, नुसते ‘पास’ नको. मग पुढे बोलू.