मदत हवी आहे: डबल बी, फेटा चीज आणि शेपू घालून केलेला ग्रीक पदार्थ, चातुर्मासात चालेल असा

नमस्कार.

ग्रीसमध्ये मोठे पांढरे घेवड्याचे दाणे टोमॅटो, कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेलात ओव्हनमध्ये भाजून एक पदार्थ करतात. त्याला ‘यीगांदेस प्लाकी’ असे म्हणतात. वरून ओरेगॅनो, पार्स्ले किंवा शेपू पडतो, फेटा चीज कुस्करून घालतात किंवा शेजारी वाढतात, आणि पावाबरोबर कोमट किंवा गार खातात. पुढच्या रविवारी घरी आठ-दहा माणसे जेवायला आहेत, त्यांच्यासाठी हा पदार्थ मुख्य म्हणून करण्याचे ठरवले आहे. काही बाबतींत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, आणि मूळ कृतीत तर या दोन्हींवरच गोडवा उभा असतो. त्यांच्यासाठी वेगळी आमटी करून ठेवणे सोपे आहे, परंतु सर्वांनी एकाच पातेल्यातले खावे अशी माझी इच्छा आहे. त्या चीज खातात, मात्र ते शाकाहारी आहे याची खात्री त्यांना हवी असते. फेट्यासाठी वासराच्या किंवा करडाच्या पोटातले विरजण वापरतात असे ऐकल्यापासून त्या साशंक आहेत.

दुसरी अडचण दाण्यांची आहे. मूळ जातीचे दाणे मला पुण्यात मिळालेले नाहीत, त्यामुळे डबल बी वापरावी असा विचार आहे. आमच्या सोसायटीत सध्या टँकरचे पाणी येते आणि त्यात कडधान्ये नीट शिजत नाहीत. हरभरे तर शिट्टीवर शिट्टी झाली तरी कडकच राहतात. डबल बी अखंड राहून लोण्यासारखी मऊ व्हावी यासाठी नेमके काय करावे? कुकर वापरावा की नाही? टोमॅटो कोणत्या टप्प्यावर घालावा?

फोडणी, गोडा मसाला, गूळ-चिंच असे काही घालायचे नाही, एवढी एकच विनंती.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

विनंती वाचली, तरीही विचारतो. डबल बीची उसळ ओल्या खोबऱ्यासह उत्तम होते आणि चातुर्मासात बिनकांद्याची तर घरोघरी होते. ओव्हन दीड तास पेटवून, महागडे तेल ओतून शेवटी जे हाती येते ते उसळीपेक्षा वेगळे कसे, हे कोणी समजावून सांगितल्यास आनंद होईल.

प्रतिसाद (कोथरूड)

ताई, प्रथम दाण्यांविषयी. ग्रीक दाणे घेवड्याच्या निराळ्या प्रजातीचे असतात आणि उत्तर ग्रीसमधल्या प्रेस्पा व कास्तोरिया भागांतले विशेष नावाजलेले आहेत. डबल बी ही लिमा बीन, म्हणजे त्यांची चुलत बहीण. तिचे साल पातळ आणि गर अधिक पिठूळ असतो, त्यामुळे चव जवळ जाते, पण ती फार लवकर फुटते. राजमा किंवा छोले घातल्यास पदार्थ बरा होईल, परंतु तो हा पदार्थ राहणार नाही. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात किंवा खप चांगला असलेल्या वाण्याकडे डबल बी घ्यावी, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेला दाणा कोणत्याही पाण्यात मऊ होत नाही. सुरकुतलेले, पिवळट दाणे निवडून काढावेत.

आता पाणी. टँकरचे पाणी बहुतेक वेळा बोअरचे, म्हणजे जड असते. त्यातले कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते आणि साल शिजत नाही. खडकवासल्याहून येणारे नळाचे पाणी त्या मानाने मृदू असते. शक्य असल्यास शेजारून तेवढे आणावे, किंवा घरी आरओ यंत्र असेल तर भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी त्याचेच पाणी वापरावे. भिजवताना एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घालावे. मिठाने कडधान्य कडक होते असा आपल्याकडे समज आहे, तो भिजवण्याच्या बाबतीत चुकीचा आहे: मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. खाण्याचा सोडा चिमूटभरापेक्षा जास्त घालू नये, नाहीतर दाण्यांचे पिठले होते आणि साबणासारखी चव येते.

पाव किलो डबल बी दहा-बारा तास भिजवावी. हवा उकाड्याची असेल तर पातेले फ्रीजमध्ये ठेवावे, अन्यथा पाण्याला आंबूस वास येतो. ते पाणी टाकून द्यावे. लिमा बीनच्या जातीत सायनाइड मुक्त करणारे एक द्रव्य असते. खाण्याच्या पांढऱ्या वाणांत ते अल्प असते, तरी भिजवलेले पाणी वापरू नये आणि दाणा अर्धकच्चा खाऊ नये. नव्या पाण्यात उघड्या भांड्यात दहा मिनिटे खळखळ उकळावे, फेस काढावा, आणि मग मंद आचेवर झाकण तिरपे ठेवून पाऊण ते एक तास शिजवावे. कुकर वापरायचाच असेल तर एक शिट्टी करून वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतल्या उकळीने निम्म्या दाण्यांची साले निघतात. विजेच्या संथ कुकरात मात्र भिजवलेले दाणे थेट टाकू नयेत. विशेषतः राजम्यातले घातक प्रथिन त्या कमी उष्णतेत नष्ट होत नाही, त्यासाठी खळखळ उकळीच लागते.

टोमॅटो दाणे पूर्ण मऊ झाल्याशिवाय अजिबात घालू नये. आम्लामुळे दाणा होता त्या अवस्थेत अडकून बसतो आणि त्यानंतर दोन तास भाजला तरी सुधारत नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धे काम झाले.

सदाशिव पेठेतल्या काकांना सविनय उत्तर: फरक तेलात आहे. आपल्याकडे तेल फोडणीपुरते असते. ग्रीक स्वयंपाकात ‘लादेरा’ नावाचा पदार्थांचा एक वर्गच आहे, ज्यात तेल हाच रस असतो. पाव किलो दाण्यांना ऐंशी ते शंभर मिलिलिटर तेल जाते आणि ते टोमॅटोच्या गराबरोबर आटून दाण्यांना चिकटते. पाण्याचा रस्सा राहिला तर त्याची उसळच होते, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. पाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आता कांदा-लसणाच्या जागी काय घालावे आणि चीजचे काय करावे, एवढेच उरले. ओरेगॅनो म्हणून पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या घरात पुष्कळ आहेत, त्या चालतील का?

प्रतिसाद (औंध)

त्या पुड्या कृपया वापरू नका. त्यांत बहुधा मीठ, मिरची आणि लसणाची पूड मिसळलेली असते, म्हणजे सासूबाईंचा नेम तिथेच मोडेल. नुसता वाळवलेला ओरेगॅनो बाटलीत मिळतो, त्यावरचे घटक वाचून घ्यावा आणि एक छोटा चमचा तळहातावर चोळून घालावा. कुंडीत पानओवा असेल तर त्याची दोन पाने बारीक चिरून शेवटी घालता येतात. ओरेगॅनोला उग्र वास देणारे कार्व्हाक्रोल त्यातही असते, मात्र त्याहून जास्त पाने घातली तर खोकल्याच्या काढ्याची आठवण होते. शेपूसाठी कुठेही शोधाशोध करावी लागत नाही, मंडईत जुडी मिळते. देठ काढून फक्त कोवळी पाने घ्यावीत. कोथिंबीर घालू नये, तिचा वास सर्वांवर मात करतो. ग्रीक कृतींत जे ‘बे लीफ’ असते ते लॉरेल नावाच्या झाडाचे पान. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असल्यामुळे ते घातल्यास पुलावाचा वास येईल. पान न घातलेलेच बरे.

कांद्याच्या गोडव्यासाठी दोन गाजरे किसून आणि सेलरीचा एक दांडा बारीक चिरून तेलात अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतावा. अर्धा चमचा बडीशेप भरड कुटून घालावी. हिंग सुचवण्याचा मोह होतो, पण तो पडताक्षणी पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात परत येतो. मग अर्धा किलो लाल, पिकलेल्या टोमॅटोंचा गर आणि चिमूटभर साखर घालून दाट करावे, त्यात दाणे आणि शिजवलेल्या पाण्याचा एक कप मिसळून ओव्हनमध्ये १८० अंशांवर सुमारे पाऊण तास, वरचे काही दाणे करपट दिसेपर्यंत भाजावे. हे प्रमाण चार-पाच जणांचे आहे. आपल्याकडे आठ-दहा माणसे असल्याने सर्व दुप्पट घ्यावे आणि पसरट भांडी दोन करावीत, कारण खोल भांड्यात रस आटत नाही.

चीजविषयी. युरोपीय संघाने २००२ साली फेटा हे नाव ग्रीसपुरते राखून ठेवले. तो किमान ७० टक्के मेंढीच्या दुधाचा आणि उरलेला शेळीच्या दुधाचा असतो. भारतात तयार होणारे त्या धर्तीचे चीज बहुतेक गाईच्या दुधाचे असते. चव सौम्य, पण या पदार्थाला पुरेशी. विरजणाबद्दल अंदाज करत बसण्यापेक्षा वेष्टनावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आहे का ते पाहावे आणि सासूबाईंनाही दाखवावे. तसे चीज न मिळाल्यास पनीर कुस्करून त्यात श्रीखंडासाठी मिळणारा चक्का चौथा हिस्सा, मीठ आणि लिंबाचा थोडा रस कालवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. फेट्याचे खरे काम म्हणजे खारटपणा आणि आंबटपणा, आणि ते या मिश्रणाने होते. नुसते पनीर मात्र अळणी लागते.

फेटा मोझरेलासारखा वितळत नाही, म्हणून तो भाजताना घालण्याचा फायदा नाही. भांडे बाहेर काढून दहा मिनिटांनी वरून कुस्करावा आणि शेपूही तेव्हाच घालावा. चीज खारट असते हे लक्षात घेऊन रसात मीठ हात राखूनच घालावे.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

तेलाचे उत्तर पटले. एक शंका मात्र राहिली: हे आदल्या दिवशी करून ठेवता येते का?

प्रतिसाद (कोथरूड)

करावेच, काका. एक दिवस मुरल्यावर दाण्यांत रस शिरतो आणि चव सुधारते. फ्रीजमध्ये ठेवावे, वाढण्याआधी तासभर बाहेर काढावे म्हणजे गोठलेले तेल सुटते, आणि चीज व शेपू ऐन वेळी घालावा. पाव म्हणून जाड कवचाचा आंबवलेला पाव उत्तम. तो नसेल तर ज्वारीची भाकरी बिनदिक्कत वाढावी.