सांगली आकाशवाणी आईच्या रेडिओवर नीट लागत नाही, काय करावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माझी आई पलूस तालुक्यात नदीकाठच्या गावी एकटी राहते, मी पुण्यात असते. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी रेडिओ असतो. त्याचा काटा सांगली आकाशवाणीवरून, म्हणजे मीडियम वेव्ह १२५१ किलोहर्ट्झवरून, कधी हलत नाही. सकाळची भक्तिगीतं, सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. द्राक्षबाग आता चुलतभाऊ बघतो, तरी दावण्या-भुरी या रोगांवर काय फवारायचं ते ती कान देऊन ऐकते आणि लगेच त्याला फोन लावते. पूर्वी 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं पाठवायची. आम्हा भावंडांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, वळणदार अक्षरात, एकही न गाळता. नावं वाचली गेली की शेजारच्या काकू परड्यातूनच हाक मारायच्या, "ऐकलं गं!"

गेले दोन-तीन महिने नुसती खरखर येतेय. दिवसा थोडंफार कळतं, दिवेलागणीनंतर काहीच नाही. नवे सेल घातले, एरिअल पूर्ण ओढून बघितली, फरक नाही. त्यात गावात कुणीतरी सांगितलं की मीडियम वेव्ह आता बंदच होणार. त्यानं ती जास्त खचलीय.

केंद्राची ताकद कमी झालीय का? की दुसरा रेडिओ घ्यावा? पाऊस लागलाय, म्हणून घाई आहे. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय, हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं असतं.

तासगावकर_९१

ताई, खरं सांगू का, एवढी खटपट कशाला? न्यूज ऑन एअर ॲप टाकून द्या, आकाशवाणीची केंद्रं स्वच्छ ऐकू येतात. माझे वडील बेदाण्याचे भाव फोनवरच बघतात. एकदा शिकवलं की जमतं.

कृष्णाकाठची

दादा, ॲप मी स्वतः वापरते आणि ते चांगलं आहे. पुण्यात बसून गावाकडचा आवाज कानावर पडतो तो त्याच्यामुळेच. पण आईसाठी तेवढ्यावर विसंबायची माझी तयारी नाही, आणि त्याचं कारण २०१९ चा ऑगस्ट आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडे आधी वीज गेली, मग टॉवर गेले. फोन असून नसल्यासारखे झाले. आई आणि गल्लीतल्या बायका शाळेच्या वरच्या मजल्यावर होत्या. तिनं कपड्यांच्या बोचक्यात रेडिओ बांधून आणला होता. सेल उतरत आले की ऊन पडेल तेव्हा कठड्यावर ठेवायचे आणि परत घालायचे. बातम्यांच्या वेळी सगळ्याजणी भोवती बसायच्या, बाकी वेळ सेल वाचावेत म्हणून रेडिओ बंद. मी इकडे फोन लावून लावून थकले होते. ती मात्र नंतर मला म्हणाली, "बाहेर काय चाललंय ते आम्हाला ठावं होतं." म्हणून तो रेडिओ चालू राहिलाच पाहिजे.

जुना मेकॅनिक, मिरज

बाई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. खरखर दिवेलागणीनंतर वाढते म्हणालात ना?

सांगलीचं मीडियम वेव्ह केंद्र २० किलोवॉटचं आहे. पलूस तालुका तिथून फार लांब नाही. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून जाते, टेकडी आडवी आली तरी तिचं फार अडत नाही. एफएमचं तसं नसतं, त्याला मनोऱ्यापासून सरळ वाट लागते. एवढ्या जवळ ऐकू येत नसेल तर पहिला संशय केंद्रावर नको, घरावर घ्या. रात्री लांबची केंद्रं मध्ये घुसतात हे खरं, पण तेव्हा दुसरी भाषा, दुसरं गाणं ऐकू येतं. एकसारखी चर्रर्र अशी खरखर घरातल्या विजेच्या उपकरणाची असते.

आईंना असं करायला सांगा. रेडिओ सेलवर लावायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर लावत जायचं. स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, यांतलंच काहीतरी सापडेल.

आणि ती एरिअल ओढायचे कष्ट घेऊ नका. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हची एरिअल रेडिओच्या पोटात असते, काळ्या फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेली. त्या कांडीची बाजू केंद्राकडे आली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे झालं की पडतो. रेडिओ आहे त्या जागी सावकाश गोल फिरवला की कळतं. स्लॅबचं घर असेल तर खिडकीजवळ ठेवा.

हयातभर रेडिओ उघडले आहेत मी. जुना सेट असेल तर टाकू नका, आजच्या छोट्या सेटपेक्षा त्यातली कांडी बहुधा लांब असते.

करवीरची वाचक

मीडियम वेव्ह बंद होण्याची भीती उगाच नाही. देशात कितीतरी ठिकाणची प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. आणि २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. ज्या सकाळच्या बातम्या ताईंची आई ऐकते, त्याच. पत्रकारांनी, श्रोत्यांनी, लोकप्रतिनिधींनी विरोध केला तेव्हा तो निर्णय थांबला. बोललं की ऐकलं जातं, एवढं तरी त्यातून दिसलं. सांगली केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ ला सुरू झालं, म्हणजे ६ ऑक्टोबर हा त्याचा वाढदिवस. केंद्राकडे श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग जायला यापेक्षा चांगला दिवस कुठला?

कृष्णाकाठची

काका, शनिवारी गावी जाऊन आले. मेन स्विच पाडला आणि खरखर जागच्या जागी थांबली! एकेक करून बघितलं तर स्वयंपाकघरातलाच दिवा निघाला, उन्हाळ्यात बसवलेला, फळीच्या बरोबर वर. तो काढून चांगल्या कंपनीचा लावला. रेडिओ आडवा होता तो खिडकीकडे वळवून ठेवला. निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. आईनं त्या दिवशी शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत कुकर लावू दिला नाही.

करवीरच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. तिनं पोस्टकार्डं आणायला सांगितलीत. नुसतं "कार्यक्रम आवडतात, बंद करू नका" एवढंच लिहावं का? त्यानं काही होईल असं वाटत नाही.

जुना मेकॅनिक, मिरज

लई बरं वाटलं बाई. पत्रात गावाचं नाव, मीडियम वेव्ह १२५१ हा आकडा, कुठल्या वेळी कसं ऐकू येतं, हे आधी लिहा. त्यावरून त्यांना कळतं की अमुक गावात अजून ऐकणारं माणूस आहे. मग कुठला कार्यक्रम कशासाठी उपयोगी पडला ते लिहा, फवारणीचं लिहा. शाळेच्या मजल्यावरचं तर जरूर लिहा, आईंच्याच शब्दांत. तिथं तेव्हा असलेल्या बायकांनाही एकेक कार्ड द्या. आणि ऑक्टोबरची वाट कशाला बघायची, याच आठवड्यात टाका.